वायरवरचा पाय

"वायरवरून पाय काढ!"

ते माझ्याशी बोलले त्यातले हे पहिले शब्द. भाड्याची खोली शोधत मी आमगावातल्या त्यांच्या फाटकातून आत शिरले होते, हातात बॅग, खांद्यावर पत्रकांचा गठ्ठा. दचकून खाली पाहिलं. पायाखाली सारवलेलं अंगण होतं. वायर कुठेच नव्हती.

"काकाजी, इथं वायर नाही."

"नाई ना. पन असती तं?"

तेवढ्यात माझा फोन वाजला. त्यांनी मान तिरकी केली, डोळे मिटले आणि विचारलं, "कोनाचं आहे?"

"आईचा फोन आहे."

"फोन नाई इचारला वो. गानं कोनाचं आहे? गाते कोन?"

मला माहीत नव्हतं. कुठल्याशा सिनेमातलं असावं. मी तसं म्हटलं.

"माहीत नाई तं वाजवते कायले?" असं म्हणून त्यांनी खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली. जात, गाव, नोकरी, जेवणात काय चालतं, काही म्हणजे काही विचारलं नाही. अट एकच: खोलीत काय वाजवायचं ते वाजव, फक्त कोणाचं आहे हे सांगता आलं पाहिजे.

मी त्या घरात दोन वर्षं राहिले. मोहिमेचं काम करत होते, अजूनही करते. गाणं, पुस्तक, व्हिडिओ यांच्यावर हक्क फक्त विकणाऱ्याचा नसतो. ऐकणाऱ्याचा, शिकणाऱ्याचा, उतरवून घेणाऱ्याचाही असतो, हे मी कॉलेजांच्या फाटकांवर उभी राहून ओरडत असे. या विषयावरचं मोठमोठ्यांचं बोलणं मी सभागृहांत बसून ऐकलं आहे. त्यातलं फारसं लक्षात राहिलं नाही. लक्षात राहिला तो हा माणूस. त्याला कॉपीराइट हा शब्दही नीट उच्चारता येत नव्हता आणि येत नाही याचं काडीचं वाईट वाटत नव्हतं.

ते होते धानाची शेती करणारे, पक्क्या घराचे, पोवार समाजातले बऱ्यापैकी वजनदार असामी. पण गावात ओळख शेतीमुळे नव्हती, भोंग्यामुळे होती. तरुणपणी त्यांनी भोंगा, अँप्लिफायर आणि माइक विकत घेतला आणि आजूबाजूच्या प्रत्येक मंडईत ते जाऊ लागले. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. पाहुणे येतात, दुकानं लागतात आणि भरदुपारी चौकात दंडार उभी राहते: ढोलकी, टाळ, नाच, गाणं, टवाळी, सगळं एकत्र. काकाजी माइक लावायचे आणि माइकच्या शेजारी एक टेपरेकॉर्डरही लावायचे. गाणारे गात, काकाजी टेप करत, आणि नाचणारा कोणी ना कोणी त्यांच्या वायरवर उभा राहत असे. आयुष्यभर एकच वाक्य ओरडून ओरडून ते त्यांच्या तोंडात घर करून बसलं होतं. पोस्टमनला तेच, गाईला तेच. एकदा तर पंगतीत बसलेल्या जावयालाही तेच, आणि जावयानं खरोखर पाय काढला.

त्यांची दुसरी खोड याहून अवघड होती. कुठलीही गोष्ट कोणाकडून घेतली हे सांगितल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घासच उतरत नसे. विनोद सांगितला की लगेच, "हा सालेकशाच्या न्हाव्याचा." काकूनं केलेली जवसाची चटणी ताटात पडली की, "चटनी तुह्या काकूच्या मावशीची. तिखट कमी केलं ते माह्या मायनं." वीज गेली म्हणून एकदा त्यांनी अंगणात उभं राहून अशी काही अस्सल शिवी हासडली की मी वही शोधायला धावले. परत आले तर ते शांतपणे सांगत होते, "लांजीच्या बाजारात एक बैलवाला होता. त्याची आहे. माह्यात एवढी अक्कल नाई."

शिवीलासुद्धा मालक! मी खूप हसले. पण माझं पहिलं पत्रक त्यांच्या हातात पडलं तेव्हा हसू आवरलं. उभ्याउभ्या वाचून त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे 'ज्ञानाला कुलूप लावणारे हात' कोनाचं आहे?"

"माझं."

"पक्कं?"

"पक्कं, काकाजी!"

"मंग खाली लिव्ह ना तसं. उद्या कोनी उचललं तं तुह्यं नाव त्याले कसं माहीत पडन?"

"उचलू दे की. आम्हाला तेच पाहिजे. सगळ्यांनी उचलावं."

"उचलू दे," ते म्हणाले, "मी कुठं नको म्हनलो? सांगून उचलावं."

यापुढे त्यांचं तत्त्वज्ञान नव्हतं. आधीही नव्हतं. रिकामी कॅसेट घेऊन कोणीही यावं, काकाजी टेप उतरवून देत. पुढे पेनड्राइव्ह आले, तेही भरून देत. सडक अर्जुनीच्या ढाब्यावरचा ट्रकवाला असो की नवेगाव बांधचा मासेवाला, चहा आधी, गाणं नंतर. देताना एकच दम: "सुरुवात कापू नको."

कारण प्रत्येक टेपच्या सुरुवातीला काकाजींचा आवाज होता. दंडार सुरू होण्याआधी ते स्वतः माइकवर नावं घ्यायचे. गाव कोणतं, गाणारा कोण, ढोलकी कोणाची, टाळ कोणाचे, चाल दुसऱ्या गावाची असली तर त्या गावाचं नाव, एवढंच काय, ज्याच्या घरून विजेची लाइन घेतली त्याचंही नाव. त्यांच्या गावात ही रीतच होती; दुसऱ्याची चाल घेतली तर उभं राहून नाव घ्यायचं. काकाजींनी ती रीत पार मीटरपर्यंत नेली होती. एकच नाव त्यांच्या कुठल्याच टेपमध्ये सापडत नाही. त्यांचं स्वतःचं.

"तुमचं का नाही घेत?" मी विचारलं होतं.

"मी का गायलो? वायरवाल्याचं नाव कोन घेते?"

या सगळ्या टेप मी लॅपटॉपवर उतरवल्या आणि एका व्हिडिओच्या साइटवर त्यांचं चॅनेल उघडून दिलं. सुरुवातीची नावं लांबलचक होती. "काकाजी, लोक हे पुढे ढकलतात," मी म्हटलं. "ढकलू दे," ते म्हणाले, "नाव तं वाजलं ना." आणि लोक ऐकू लागले! रायपूरला, नागपूरला, कुठल्या कुठल्या शहरांत पोटासाठी गेलेली आमची माणसं आपापल्या गावाची दंडार शोधून काढू लागली. सगळ्यात जास्त ऐकलं गेलं ते माशाचं गाणं. नवरा नवेगावच्या तळ्यातून मासा आणतो म्हणून निघतो आणि रिकाम्या हातानं परतून रोज नवी सबब सांगतो, बायको प्रत्येक सबब फाडून खाते, असं ते गाणं. ते गाणारा काकाजींचा जिवलग होता, वारून बरीच वर्षं झाली. त्याची मुलगी रायपूरला असते. ती स्वयंपाक करताना रोज ते लावायची आणि खाली लिहायची, "माझे बाबा."

मग एका दुपारी तिचा फोन आला. काकाजींनी स्पीकरवर टाकला.

"काकाजी, बाबाचं गानं कुठं गेलं? तिथं लिहून आलं का हे गानं कोन्या कंपनीचं आहे म्हनून. माह्या बाबाचं गानं कंपनीचं कसं झालं?"

मी चॅनेल उघडलं. काळा पडदा होता आणि त्यावर एका म्युझिक कंपनीचं नाव. तिच्या हक्कामुळे हा व्हिडिओ काढला आहे, असं सोबत. मेलही येऊन पडली होती. आधीही दोन गाण्यांवर अशाच तक्रारी आल्या होत्या आणि त्या स्पॅममध्ये पडून राहिल्या होत्या. ही तिसरी. उत्तर दिलं नाही तर अख्खं चॅनेल पुसलं जाणार होतं.

"फाइल माझ्याकडे आहे, ताई," मी फोनवर म्हटलं. "तुम्हाला आत्ता पाठवते."

"माह्या एकटीले कायले पाठवते? माह्या बाबाच्या जागी कंपनीचं नाव लिहून आहे, ते काढ ना आधी!"

इथे मला थोडं ओरडू द्या. गाणं काढताना कोणी माणसानं ते ऐकलं असेल असं समजू नका. एक यंत्र दोन आवाज जुळवतं आणि ज्याची नोंद आधी झाली तो मालक ठरवतं. आवाज आधी कोणाचा होता याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आधी तोंड दाबायचं, मग विचारायचं, काही म्हणायचंय का? म्हणायचं असेल तर खरं नाव द्या, घरचा पत्ता द्या, सही करा, आणि कोर्टात खेचलं तर येईन असं कबूल करा. खेड्यातला माणूस एवढं वाचूनच मोबाइल बंद करतो. दावा करणाऱ्यानं चूक केली तर त्याचं काय बिघडतं? काही नाही! मुलीच्या बापाचा आवाज बंद करणं एका क्लिकचं काम आणि तो परत आणणं मात्र मर्दुमकीचं. हा कायदा बदलला पाहिजे. आधी सुनावणी, मग कात्री. खोटा दावा करणाऱ्याला दंड. एवढं साधं आहे हे. झालं माझं ओरडून.

यंत्रानं ज्याच्याशी जुळवलं, कंपनीचं ते गाणं आम्ही तोवर ऐकलंच नव्हतं. काकाजींनी आबाजींना बोलावून घेतलं. आबाजी म्हणजे त्याच दंडारीतले ढोलकीवाले, काकाजींच्याच वयाचे, सदा तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा. आम्ही तिघं ओसरीवर बसलो आणि मी गाणं लावलं. लग्नात वाजणारा धडधडीत डीजे, त्याखाली कुठेतरी दबलेली माशाच्या गाण्याची चाल, आणि मग सगळी वाद्यं एकदम थांबली. त्या शांततेत एक आवाज कडाडला:

"वायरवरून पाय काढ बे!"

आणि परत धडधड. "पाय काढ बे! पाय काढ बे! पाय पाय पाय काढ बे!"

काकू आतून बाहेर आली. "काऊन ओरडून राहिले? वायर कुठं आहे?"

"मी कुठं ओरडलो!" काकाजी म्हणाले. ते फोनकडे बोट दाखवत होते.

आबाजींनी खर्रा थुंकला. चेहरा उजळला होता. "ते मले म्हनलं होतं!" ते ओरडले. "आठवते का गा? मंडईत. माहाच पाय होता वायरवर!"

म्हणजे कंपनीनं नुसती चाल घेतली नव्हती. काकाजींची टेपच कापून वापरली होती. आणि दंडारीच्या मधोमध आलेली ती आरोळी त्यांना गाण्याचीच ओळ वाटली! ती त्यांनी गाण्याचा मुखडा करून टाकली. खाली शब्द लिहिणाऱ्याचं नाव होतं, कोणा शहरातल्या कवीचं. आमच्या काकाजींच्या बोंबेचा कवी!

"यांच्याकडे टेप गेलीच कशी?" मी विचारलं.

"मी देलो," काकाजी म्हणाले. "एक पोट्टा आला होता, कानावर मोठे मोठे डब्बे लावून. पेनड्राइव्ह भरून देलो. चहा पेऊन गेला."

"तुम्ही स्वतः दिलीत?"

"हाव. मंग? देतोच ना मी. चोरी गान्याची नाई झाली, बाई. चोरी नावाची झाली. सुरुवात कापली त्यानं."

मला वाटलं, संपलंच. यापेक्षा धडधडीत पुरावा जगात कोणाकडे असेल? मी लॅपटॉप पुढ्यात घेऊन तक्रारीला उत्तर द्यायचा फॉर्म उघडला. पहिलाच पर्याय होता, मी या सामग्रीचा मालक आहे.

"मालक," मी म्हटलं. "टिक करते."

"मी कायले मालक?"

"रेकॉर्डिंग तुम्ही केलं, काकाजी. कायद्यानंही करणाराच मालक असतो. खोटं नाही यात काही."

"टेप माही. आवाज त्याचा. चाल गावाची. तुह्या फॉर्मात तीन खाने आहेत का?"

"एकच आहे."

"मंग फॉर्म अधुरा आहे."

"काकाजी, आपल्याला जिंकायचं आहे की नाही?"

"त्या कंपनीनं का भरलं? मालक. मीबी तेच भरलो तं त्याच्यात आन माह्यात फरक का राहिला, सांग."

मी भांडले. चांगली तासभर भांडले. काकाजी हटले नाहीत. संध्याकाळी नागपूरहून त्यांच्या मुलाचा फोन आला, काकूनं कळवलं होतं. तो बँकेत आहे, स्वभावानं सरळ.

"बाबा, कशाला या फंदात पडता? घरचा पत्ता, सही, कोर्ट. उद्या नोटीस आली तर धावपळ मलाच करावी लागेल. ते व्हिडिओ काढून टाका ना सरळ."

"आन तिच्या बापाले बी काढून टाकू?"

"कोर्टात खेचलं तर काय कराल?"

"जाऊ. तिथं माइक राहते का रे?"

मुलगा हसला. वैतागून हसला, पण हसला. मग म्हणाला, "सही करण्याआधी मला फोटो पाठवा." विरोध तिथेच संपला.

सकाळी काकाजी आणि आबाजी माझ्या दारात उभे. रात्री फॉर्म पुन्हा नीट वाचला तेव्हा मला वाट सापडली होती. मालक या शब्दाला हात न लावता, हे चुकून काढलं गेलं आहे असं सांगायची जागा होती आणि खाली चार ओळी लिहायला चौकोन. काकाजींनी मजकूर सांगितला. मी होता तसा लिहून घेतला:

"हे गानं आमच्या गावच्या दंडारीचं आहे. गानारा वारला. त्याची पोरगी रायपूरले आहे, तिले इचारा. टेप मी केली. कंपनीच्या गान्यात पाय काढ बे म्हनून जो ओरडते, तो मी. ज्याचा पाय होता तो बी जिवंत आहे."

"अजून एक लिव्ह," आबाजी म्हणाले. "पाय दाखवाले तयार आहे."

मी याचं इंग्रजी केलं. शेवटचं वाक्य मी गाळू पाहत होते. आबाजी पाठीशी उभे राहून बोट लावून वाचत होते, इंग्रजी येत नसूनही. "पाय कुठं आहे याच्यात?" मी पाय दाखवला. मग काकाजींनी खालच्या रकान्यात आपलं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका, जिल्हा सांगितला. ताठ बसून, खणखणीत आवाजात. त्यांचं नाव त्यांच्या स्वतःच्या तोंडून मी ऐकलं ते त्या एकाच वेळी, आणि तेही घरावर नोटीस यावी म्हणून.

त्यानंतरचे काही दिवस काकू फाटक वाजलं की पदर सावरून पोस्टमनकडे बघायची. काकाजी त्याला पाय काढायला सांगायचे.

नोटीस आली नाही. कंपनी कोर्टात गेली नाही. एका दुपारी दोन ओळींची कोरडी मेल आली: तुमचा व्हिडिओ पुन्हा सुरू करण्यात आला आहे, चॅनेलही सुरू राहील. माफी नाही, कारण नाही. मी अंगणात अशी किंचाळले की गाय उठून उभी राहिली! पाठोपाठ रायपूरहून फोन आला. ती मुलगी रडत होती की हसत होती, कळत नव्हतं. मागून माशाचं गाणं चालू होतं.

"काकाजी, बाबा वापस आला."

"हाव," काकाजी म्हणाले. मग फोनकडे वाकून म्हणाले, "मोठ्यानं लाव."

कंपनीचं गाणं मात्र आजही तिथेच आहे. तोच कवी, तीच बोंब. एवढ्या वर्षांच्या टेप असलेल्या माणसाला स्वतःला निर्दोष ठरवावं लागलं आणि ज्यांनी नावं कापली त्यांना कोणी साधं विचारलंही नाही. मी विचारत राहणार आहे. पत्रकं छापलेली आहेत.

पण मला शेवटी आठवते ती त्या दिवाळीनंतरची मंडई. आता दंडारीत नवी पोरं होती आणि त्यांनी माशाचं गाणंच निवडलं होतं. लग्नांतून शिकलेली कंपनीची बोंबही त्यांनी मध्ये घातली होती. बोंब आली की सगळ्यांनी एकदम एक पाय वर उचलायचा, असा नाच. ढोलकीवर आबाजी. रायपूरची मुलगी पोराबाळांसकट पुढे बसलेली. काकाजींनी माइक हातात घेतला आणि रीतीप्रमाणे नावं सुरू केली. गाव, पोरांची नावं, ढोलकी, टाळ, लाइन कोणाच्या घरून. चाल ज्याच्या गळ्यातून आली त्या वारलेल्या मित्राचं नाव त्यांनी दोनदा घेतलं. मग माइक ठेवून दिला.

"थांब गा," आबाजी म्हणाले. ढोलकी गळ्यात तशीच ठेवून ते उठले आणि माइक उचलला. "एक नाव राहिलं. गान्याच्या मधात जे आहे, ते कोनाचं आहे?"

काकाजींनी हातानं नको नको केलं. आबाजींनी पाहिलंच नाही. त्यांनी काकाजींचं नाव घेतलं, बापासकट, गावासकट, आणि ते भोंग्यातून निघून धानाच्या बांध्यांवरून पार रेल्वेच्या रुळांपर्यंत गेलं. मंडईनं टाळ्या वाजवल्या. काकाजी लालबुंद झाले. कुठे बघावं कळेना, म्हणून त्यांनी खाली बघितलं.

"वायरवरून पाय काढ बे!"

आबाजी खरंच वायरवर उभे होते. आणि अख्ख्या मंडईनं, बायाबापड्यांनी, पाहुण्यांनी, फुगेवाल्यानं, एकदम एक पाय वर उचलला.

ते नाव मी इथे लिहिलेलं नाही. त्यांनीच बजावलं होतं, "माह्यावर लिवशील तं नाव नको टाकू. कागदावरचं नाव वाजत नाई." ते जिथे वाजतं तिथे, त्या चॅनेलवर, मी त्या दुपारची टेप टाकली आहे. ऐका. उतरवून घ्या. लग्नात वाजवा, शाळेत नाचवा, तुमच्या गावच्या दंडारीत घाला. कोणाची परवानगी नको.

फक्त सुरुवात कापू नका.